रविवारचा उपवास

न्यू जर्सीतल्या मराठी माणसांना आपला आजार सांगू नये, हे शहाणपण मला फार उशिरा आलं. सर्दी, ताप, फार तर पाठदुखी, एवढं त्यांना समजतं. पण ‘मला गहू चालत नाही’ असं म्हटलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग उपाय सांगतो आणि शेवटी ताटात पोळी वाढतो. मी पिस्कॅटवेला सहा वर्षं काढली. त्यातली चार वर्षं ही पोळी परत करण्यात गेली.

त्यातून मी धड शाकाहारीही नव्हते. घरचं वळण शाकाहारी, पण अंडं खायचे, आणि ऑफिसातल्या मालवणी मैत्रिणीने बोलावलं तर वर्षातून दोनदा तिच्या हातचा तळलेला मासाही खायचे. हे मी प्रामाणिकपणे सांगायचे, तिथेच चुकायचे. मटण खाणाऱ्यांना मी ढोंगी वाटायचे आणि न खाणाऱ्यांना बाटलेली. तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाची टेबलं दोन असत, आणि ही नक्की कोणत्या टेबलापाशी उभी राहणार हे दोन्ही बाजूंना आधी कळायला हवं असे. भरीला मला दूधही पचत नव्हतं. बिनदुधाचा चहा मागितला की घरातली बाई असा चेहरा करायची की जणू मी तिच्या माहेराला नाव ठेवलं.

अमेरिकन लोक या बाबतीत बरे, असं मला सुरुवातीला वाटलं होतं. ते हसत नसत. ते अतिशय गंभीरपणे ऐकून घेत आणि सॅलड मागवत. आमच्या टीम लीडने एकदा सगळ्यांसाठी जेवण मागवताना मला बाजूला घेऊन विचारलं, की मांस नाही हे कळलं, गहू नाही हेही कळलं, मग चिकन चालेल ना. त्याच सुमारास तिथे लो-कार्बची, म्हणजे पाव-बटाटा वर्ज्य करायची, साथ आली होती. धडधाकट माणसं बर्गरचा पाव फेकून देत, आतला गोळा लेट्यूसच्या पानात गुंडाळून खात आणि मोठा पराक्रम केल्यासारखं एकमेकांकडे बघत. तेवढ्या काळात ऑफिसात मी फॅशनेबल ठरले. मग साथ ओसरली, पाव परत आले आणि मी पुन्हा विक्षिप्त झाले.

आजाराचं निदान व्हायलाच वर्ष लागलं. २००३ सालभर माझं पोट जाग्यावर नव्हतं. वजन उतरलं, केस हातात यायला लागले, जिना चढून घरात आलं की आधी खुर्ची शोधावी लागे. मंडळाच्या खाद्यसमितीच्या प्रमुख असलेल्या एक काकू होत्या. पंचवीस वर्षं अमेरिकेत राहूनही त्यांना पुण्यातल्या एका पेठेपलीकडचं काही मान्य नव्हतं. त्यांनी माझ्या आजाराची तीन निदानं केली: गॅस, टेन्शन आणि लग्न न होणं. पहिल्यावर ओवा दिला, दुसऱ्यावर प्राणायाम सांगितला आणि तिसऱ्यावर डॅलसचा एक मुलगा सुचवला. उचलली जीभ लावली टाळ्याला.

शेवटी मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. रक्त तपासलं, घशातून नळी घालून आतडं तपासलं, आणि कळलं की गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने माझ्या आतड्याचं अस्तर झिजत चाललंय. औषध नाही, गहू सोडायचा, आयुष्यभर. हा आजार पुष्कळदा घराण्यातून येतो, म्हणून फॉर्मवर एक प्रश्न होता: आईवडिलांपैकी कोणाला पोटाचा जुना त्रास आहे का? मी बेधडक ‘नाही’वर खूण केली. वडिलांची तब्येत ठणठणीत होती. आईचं पोट कायम बिघडलेलं असायचं, पण आमच्या घरात तो आजार धरलेला नव्हता. तो आमचा घरगुती विनोद होता.

तो विनोद सांगायला हवा. माझे वडील नगरच्या एका हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवायचे. देव, मुहूर्त, ग्रहण, दृष्ट यातलं काहीही त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. आई पोस्टात कारकून होती आणि ती उपवास करायची. सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन्ही एकादश्या, चतुर्थी. तिच्या आठवड्यात पोळीभाजी खायला मोजके दिवस उरायचे. बाकीचे दिवस भगर, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा, बटाटा आणि दाण्याची आमटी. बाबा तिच्या ताटात डोकावून ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणायचे आणि मी हसायचे. घरात दोन पक्ष होते, मी बाबांच्या पक्षात होते, कारण तो पक्ष हुशार लोकांचा होता. आई एकटीच विरोधात, आणि वाद घालता येत नाही म्हणून ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायची, “उपवासाच्या दिवशी मला बरं वाटतं.” त्यावर बाबा सांगायचे, की ते मनाचे खेळ असतात.

सातवीत असताना मी वक्तृत्व स्पर्धेत ‘उपवास: एक ढोंग’ या विषयावर बोलले. भाषण बाबांनी लिहून दिलं होतं, पण मधली एक गंमत माझी होती: आमच्या घरी एक बाई देवासाठी आठवडाभर उपाशी राहतात आणि त्यांच्या डब्यात सगळ्यात जास्त खिचडी असते. हॉल खदाखदा हसला. आई दुसऱ्या रांगेत बसली होती. मला पहिलं बक्षीस मिळालं. घरी आल्यावर आईने कौतुकाने शिरा केला, आणि सोमवार असूनही आमच्याबरोबर वाटीभर खाल्ला. दुसऱ्या दिवशी ती पोस्टात गेली नाही. का गेली नाही, हे मी विचारलं नाही.

तर हे सगळं माहीत असलेली मी, फॉर्मवर ‘नाही’ लिहून आले.

गहू सोडला, तरी मला बरं वाटेना. आहारतज्ज्ञ बाईने दिलेल्या यादीत ब्रेड, पास्ता, बेगल, बिअर असं सगळं होतं. रवा, शेवया, कुरडया, दलिया हे मी माझं वाढवलं आणि स्वतःवर खूष झाले. भात खायचे, भाकरी थापायला शिकले, चवीपुरती का होईना रोज आमटी करायचे. सहा महिन्यांनी रक्त पुन्हा तपासलं तर आकडे तसेच. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, की मी चोरून पाव वगैरे खाते का. मला इतका संताप आला की मी घरी येऊन स्वयंपाकघरातली एकेक बाटली ओट्यावर मांडली आणि वाचत सुटले. हिंगाची पिवळी डबी सगळ्यात शेवटी हातात आली. तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, की आत हिंग थोडा आणि गव्हाचं पीठ जास्त आहे. अमेरिकेतल्या कोणत्याही तज्ज्ञाला हे सांगता आलं नसतं, कारण त्यांच्या आमटीत हिंग नसतो. आणि आपल्याकडच्या कोणाला सांगता आलं नसतं, कारण पोट बिघडलं की आपण हिंग वाढवतो. मी पोट बरं व्हावं म्हणून सहा महिने रोज चिमूटभर विष फोडणीत टाकत होते.

डबी फेकली आणि महिन्याभरात मी माणसात आले. आता प्रश्न फक्त माणसांचा उरला.

फोनवर मी घरी सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, अमेरिकेत जाऊन नाजूक झालीस, इथे असताना दगड पचवत होतीस. आई म्हणाली, “मग तू उपवासाचंच खात जा की. त्यात कुठे गहू असतो?” मला तिचा रागच आला. मी आजार सांगतेय आणि ही इथेही उपवास घुसवतेय. पुढच्या महिन्यात नगरचे कोणीतरी येणार होते, त्यांच्याबरोबर तिने दोन किलो भगर पाठवली. ती मी कपाटात वर ठेवून दिली.

मग एका सोमवारच्या सुट्टीला काकूंकडे जेवायला बोलावणं आलं. काकूंना मी गव्हाचं सगळं समजावून सांगितलं होतं, त्यांनी मानही डोलावली होती. ताटावर बसले तर पुऱ्या. मी नको म्हटलं, त्या म्हणाल्या, एखादीने काही होत नाही. मी पुन्हा नको म्हटलं, त्या म्हणाल्या, आमच्या वेळी नव्हत्या बाई असल्या अ‍ॅलर्ज्या. टेबलावरचे इतर सहा-सात जण आपापले अनुभव सांगू लागले. कोणाच्या तरी भाच्याला म्हणे शेंगदाणे चालत नव्हते, सैन्यात गेल्यावर चालायला लागले. पुरी माझ्या ताटाच्या वर हवेत होती. तेव्हा माझ्या तोंडातून निघून गेलं, “काकू, आज माझा उपवास आहे.”

पुरी मागे गेली. काकूंचा चेहरा एकदम कळवळला. अगं, आधी नाही का सांगायचं, म्हणत त्या उठल्या, बटाटे मायक्रोवेव्हमध्ये टाकले, तुपात जिऱ्याची फोडणी केली, दाण्याचं कूट घातलं, आणि माझ्या ताटाला बाकीच्यांचा उष्टा चमचा लागू नये म्हणून मला कोपऱ्यात वेगळं बसवलं. वर्षभर डॉक्टरांचे कागद दाखवून जे जमलं नव्हतं ते एका थापेने झालं. पोटाचं अस्तर झिजतंय यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता. शंकराला मी पोळी खाल्लेली आवडणार नाही, यावर लगेच बसला.

त्यानंतर मी दीड वर्ष सर्रास उपवास केले. ज्या दिवशी बोलावणं, त्या दिवशी उपवास. कधी सोमवार, कधी प्रदोष, वार अगदीच अडचणीचा असला तर नवस. वरची भगर खाली काढली. माझी कीर्ती शेजारच्या एडिसन गावापर्यंत पोचली. इतकी शिकलेली, एकटी राहते, पण केवढी श्रद्धा, असं माझ्यामागे बोललं जाऊ लागलं. डॅलसच्या त्या मुलाच्या आईने स्वतः फोन करून माझी चौकशी केली. मला हे सगळं मनापासून हास्यास्पद वाटायचं, आणि सातवीतल्या भाषणासारखंच मी ते मालवणी मैत्रिणीला रंगवून सांगायचे.

२००६च्या जूनमध्ये आईबाबा पहिल्यांदा आले, सहा महिन्यांसाठी. निघण्याआधी बाबांनी फोनवर मोठ्या अभिमानाने सांगितलं, की आईला त्यांनी अट घातलीय: अमेरिकेत उपवासाचं नाटक चालणार नाही, तरच तिकीट. आई कबूल झाली होती. तिला मला बघायचं होतं. मीही ‘बरं झालं’ म्हटलं. मी तेव्हा असं का म्हटलं, याचा विचार आता केला तर स्वतःची कीव येते. मुलीला गहू बाधतो हे कळलेलं, आईचं पोट आयुष्यभर बिघडलेलं, आणि दोहोंचा संबंध लावायला मला अजून एक प्रवास करावा लागला.

आईने अट अक्षरशः पाळली. सकाळी टोस्ट, दुपारी पोळ्या, रात्री पुन्हा पोळ्या. माझा तवा वेगळा आणि त्यांचा वेगळा. सोमवारी सकाळी बाबा टेबलावर बसून ती ब्रेडला लोणी लावताना बघायचे आणि माझ्याकडे बघून मिशीत हसायचे. माझा गहू मात्र त्यांनी मानलाच नव्हता. मी भाकरी खायला लागले की ते विचारत, आज कोणतं व्रत.

दुसऱ्या आठवड्यात काकूंनी आम्हाला जेवायला बोलावलं आणि दारातच बाबांना सांगितलं, की तुमच्या मुलीसारखी श्रद्धाळू मुलगी आम्ही इथे पाहिली नाही, किती कडक उपवास करते. बाबा बूट काढायचे थांबले. त्यांनी लगेच काकूंना उपवास या विषयावर दहा मिनिटांचं व्याख्यान दिलं, आपण असलं काही मानत नाही हे तीनदा सांगितलं, आणि गाडीत बसल्याबसल्या माझ्याकडे वळले. मी खरं ते सांगितलं, की ही थाप आहे, तब्येतीसाठी मारावी लागते. त्यांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी खिडकीची काच खाली केली. मुलगी खोटारडी निघाली याचं त्यांना काही नव्हतं, भाविक निघाली नाही ना, झालं तर मग.

मागच्या सीटवरून आईने विचारलं, “म्हणजे उपवास आहे म्हटलं की ते लोक विश्वास ठेवतात?”

मी म्हटलं, डोळे झाकून.

तिसऱ्या आठवड्यापासून आई उतरायला लागली. तोंड आलं, गुडघे धरले, दिवसातून पाच-सहा वेळा ती उठून आत जायची आणि नळ मोठा सोडायची, म्हणजे आवाज येऊ नये. इथलं पाणी जड आहे, असं ती म्हणायची. बाबांच्या मते शरीराला नव्या हवेशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. काकूंनी फोनवर चीजला दोष दिला. मी ऑफिसातून येऊन ‘बरी आहेस ना’ विचारायचे आणि ती ‘हो’ म्हणाली की माझी जबाबदारी संपायची.

आणि अशा आईला घेऊन आम्ही नायगाराला गेलो. आईवडील आले की त्यांना नायगारा दाखवावाच लागतो, नाहीतर पुढे नातेवाइकांत तोंड दाखवायला जागा उरत नाही. आईने वाटेसाठी दशम्या केल्या होत्या, कणकेच्या, आणि गाडीत बाबा तिला आग्रह करकरून खायला घालत होते. सात-आठ तासांच्या रस्त्यात आम्ही किती ठिकाणी थांबलो ते मी मोजायचं सोडून दिलं. धबधब्यापाशी पोचलो, गाडी लावली, आणि आई सरळ बायकांच्या टॉयलेटमध्ये गेली. बाबा व्हिडिओ कॅमेरा घेऊन कठड्याकडे गेले. मी दाराबाहेर तिची पर्स आणि स्वेटर धरून उभी राहिले. पाऊण तास. पाण्याचा आवाज तिथपर्यंत येत होता. निळे रेनकोट घातलेल्या बायका आत जात होत्या, बाहेर येत होत्या, त्यांची मुलं ओली होऊन किंचाळत होती.

आई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता. ती बाकावर बसली, मी दिलेलं पाणी दोन घोट प्यायली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, “उपवासाच्या दिवशी असं नाही गं होत. मी तुम्हाला सांगायचे.”

तिने तक्रार केली नाही, तेच वाक्य म्हणाली, जे मी लहानपणापासून हजारदा ऐकलं होतं. मी मात्र ते पहिल्यांदा ऐकलं. भगर, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा, बटाटा, दाणे. फोडणीला तूप-जिरं, हिंग नाही. माझ्या आहारतज्ज्ञ बाईने टाइप करून दिलेली यादी आईच्या डब्यात बारा महिने भरलेली होती, आणि मी त्या डब्यावर हॉल हसवला होता. मला इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना. ज्या काकूंना मी मनातल्या मनात अडाणी म्हणत होते, त्यांनी निदान माझा उपवास तरी खरा मानला होता. बाबांनी आणि मी हिचा उपवासही मानला नाही आणि पोटही नाही.

बाबा परत आले आणि धबधबा किती फूट आहे ते सांगू लागले. आईला काही दिसलं नाही म्हणून त्यांनी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर तिला नायगारा दाखवला.

परत आल्यावर मी आईला माझ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाबांचा विरोध होता. बायकोला परदेशात उगाच सुया टोचून घ्यायच्या कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी ऐकलं नाही. बाईंनी जुना फॉर्म काढला, माझी ‘नाही’वरची खूण बघितली आणि त्यावर रेघ मारली. आठवड्याने अहवाल पोस्टाने आला. आई आणि मी टेबलापाशी बसलो होतो, बाबा सोफ्यावर ग्रोसरीच्या दुकानाच्या जाहिराती वाचत होते. तो त्यांचा तिथला आवडता छंद होता, भारतातला पेपर वाचावा तशा त्या ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत. मी पाकीट फोडलं. आई म्हणाली, मराठीत सांग. मी सांगितलं, की माझा आजार तो तुझा आजार. तुला तो खूप वर्षांपासून असणार. गहू बंद झाला की बरं वाटणार, आणि तुला उपवासाच्या दिवशी बरं वाटायचं ते यामुळेच.

तिने कागद हातात घेतला. वाचता येत होतं त्याहून जास्त वेळ बघितला.

“म्हणजे मी खोटं बोलत नव्हते,” ती म्हणाली.

सोफ्यावरून बाबा म्हणाले, “म्हणजे देवाचा काही संबंध नव्हता. मी तेच सांगत होतो.”

मला आयुष्यात त्यांचा इतका तिटकारा कधी आला नव्हता. सबंध जन्म ज्यांनी विज्ञान शिकवलं, पुरावा मागा, निरीक्षण करा असं पोरांना बजावलं, त्यांच्या समोरच्या ताटात तीस वर्षं एक प्रयोग चालू होता आणि त्यांनी एकदा नोंद घेतली नाही. मी त्यांना तोंडावर म्हटलं, की बाबा, देवाचं सोडा, तिचं पोट दुखतं हे तरी तुम्ही कधी मानलंत? आणि मी तरी कधी मानलं? त्यांनी जाहिरातीची घडी घातली, चपला घालून खाली उतरले आणि भर दुपारी आमच्या बिल्डिंगभोवती फेऱ्या मारत राहिले. खिडकीतून मी तीन फेऱ्या बघितल्या.

त्यांनी माफी मागितली वगैरे नाही. तशी आमच्याकडे पद्धत नाही. पण नंतरच्या रविवारी देशी दुकानात ते मसाल्यांच्या रांगेत हरवले. मी शोधत गेले तर चष्मा कपाळावर चढवून, हिंगाची डबी नाकाशी धरून बारीक अक्षर वाचत उभे होते. खाली टोपलीत तपासलेल्या पाच डब्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. दुकानातला माणूस त्यांच्याकडे संशयाने बघत होता.

आई महिनाभरात सुधारली. तोंड बरं झालं, गुडघे हलके झाले, ती जिना एका दमात चढायला लागली. फक्त तिच्यापुढे एक वेगळाच पेच पडला. खिचडी आता औषध झाली, मग ती उपवासाला कशी चालेल, असं तिने मला विचारलं. दोन दिवस विचार करून तिने स्वतःच ठरवलं, की आता सोमवार खरा करायचा, दिवसभर पाणी आणि एखादं फळ. बाबा पहिल्या सोमवारी ‘एकादशी आणि’ एवढं म्हणाले आणि थांबले. तिच्या ताटात दुप्पट काय, एकपटही काही नव्हतं.

मग मंडळाचा गणपती आला. तिथले सण तिथीने येत नाहीत, शाळेचा हॉल ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी येतात. तो रविवार होता. आरती झाली, भाषणं झाली, आणि जेवणाच्या रांगेत खाद्यसमितीच्या काकू स्वतः मोदक वाढायला उभ्या होत्या. उकडीचे एवढ्या लोकांना कोण करणार, म्हणून तळलेले, मैद्याचे. बाबा पुढे होते, त्यांनी दोन घेतले आणि एक तिथेच तोंडात टाकला.

मी गाडीतच ठरवलं होतं, आज थाप मारायची नाही. मी काकूंना म्हटलं, की मला गहू आणि मैदा चालत नाही, आईलाही चालत नाही, आमच्या दोघींच्या आतड्याचा आजार आहे. काकू हसल्या. प्रसादाने कधी कोणाला काही होतं का गं, म्हणत त्यांनी एक मोदक माझ्या ताटात ठेवला आणि दुसरा आईच्या ताटावर धरला. रांगेतले लोक मागून बघत होते. मी तोंड उघडलं, पण आई आधी बोलली.

“आज आमच्या दोघींचा उपवास आहे.”

आयुष्यात एकही खोटा उपवास न केलेली बाई हे बोलत होती, आणि समोर गणपती होता. काकूंचा हात थबकला. रविवारी कसला उपवास, त्यांनी विचारलं. आई डगमगली नाही. म्हणाली, “नवस आहे.” काकूंनी माझ्या ताटातला मोदक मुकाट्याने परत उचलला आणि दोघींना स्वच्छ ताटं द्यायला सांगितलं. मग त्यांची नजर बाबांकडे वळली. मागच्या खेपेचं व्याख्यान त्या विसरल्या नव्हत्या. थोड्या खोचकपणेच त्यांनी विचारलं, की काका, तुम्ही तर हे मानत नाही ना.

बाबांच्या गालात मोदक होता. तो त्यांनी सावकाश चावला, गिळला, आणि आईकडे बघितलं.

“मी नाही मानत,” ते म्हणाले. “पण हिचा खरा आहे.”

काकूंनी आत कोणाला तरी बटाटे टाकायला सांगितले. आम्ही दोघी कोपऱ्यातल्या टेबलापाशी जाऊन बसलो.